सुरापुढं घास नाय

आमच्या शेजारचे हिवराळे अण्णा गाणं-वाजवणं चालू असताना जेवत नाहीत.

ऐकायला हे साधं वाटतं. उपास करणारी माणसं आपल्याकडं काय कमी आहेत? कुणी सोमवार धरतं, कुणी चतुर्थी. पण अण्णांचा उपास कधी लागेल हे पंचांगात सापडत नाही. तो कुठंही, ऐन घास तोंडाजवळ आलेला असताना लागू शकतो. हॉटेलात पलीकडच्या कोपऱ्यात कुणी गिटार घेऊन बसला आणि त्यानं तारेला बोट लावलं, की अण्णांचा हात जिथं असेल तिथं थांबतो. घास ताटात परत जातो. हात पुसले जातात. मग गाणारा गातोय तोवर अण्णा पहिल्या बाकावरच्या पोरासारखे ताठ बसून ऐकतात.

मोबाईलवरचं किंवा टेपवरचं गाणं चालतं. "डबीतला वाजवणारा जेवून आलेला असतो," असं त्यांचं म्हणणं. अडचण आहे ती फक्त जित्याजागत्या माणसाची.

"समोर माणूस जीव काढून वाजवतोय गुरुजी, अन् आपण मचामचा खायचं? सुरापुढं घास नाय."

गुरुजी म्हणजे मी. माझी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. जेवणाच्या बाबतीत मी अगदी उलट्या पक्षाचा आहे. ताट समोर आल्यावर शेजारी ज्वालामुखी फुटला तरी आधी भात संपवावा आणि मग लाव्हारस पाहावा, असं माझं मत. त्यामुळं बजाजनगरात आमची आणि अण्णांची भिंत एक असली तरी स्वभावाचा पाया वेगवेगळा आहे.

अण्णा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. जन्मभर लोखंडाचा पत्रा दणादणा दाबणाऱ्या मशीनशेजारी उभं राहिल्यावर कानाचं जे व्हायचं ते झालं. "उजवा कान कंपनीला दिला, डावा माझ्याकडं ठिवला," असं ते सांगतात. म्हणून कुठंही गेले की सगळ्यात पुढं बसतात आणि डावा कान वाजवणाऱ्याकडं करतात. एका कानाचा माणूस दोन कानांच्या माणसांपेक्षा इतकं जास्त कसं ऐकतो, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांचा हा नेम मला पहिल्यांदा कळला तो माझ्या मुलीच्या लग्नात. बीड बायपासच्या लॉनवर लग्न होतं. आमचे व्याही हौशी, त्यांनी बँड लावला होता. पंगत बसली, बँड सुरू झाला, आणि माझ्या लक्षात आलं की हिवराळे अण्णा पानावर नाहीत. ते मांडवाच्या मागं, बँडवाल्यांसमोर हात बांधून उभे.

आपल्याकडं लग्नात कुणी जेवत नाही म्हणजे तो रुसला, याला दुसरा अर्थ नाही. आमच्या व्याह्यांना घाम फुटला. मुलीकडचा कुणीतरी मानाचा माणूस मानपान राहिला म्हणून उपाशी उभा आहे, असं त्यांनी धरलं. ते टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन अण्णांसमोर गेले. टोपी घातली, टॉवेल दिला, हात जोडून म्हणाले, "चुकलं असलं तर पोटात घाला, पण दोन घास खा."

अण्णांना काहीच कळेना. ते म्हणाले, "मला कशाला? या क्लॅरनेटवाल्याला द्या. मघाधरनं त्येच राबतंय." आणि नारळ त्यांनी खरोखरच क्लॅरनेटवाल्याच्या हातात ठेवला, टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. व्याही आणखी घाबरले. म्हणजे राग भलताच मोठा आहे! मग त्यांनी मला आणि मी माझ्या बायकोला बोलावून आणलं. शेवटी सगळी पंगत उठल्यावर बँडवाले जेवायला बसले तेव्हा अण्णा त्यांच्याच ओळीत बसून जेवले. तोवर जिलबी संपली होती. व्याही अजून मला विचारतात, तुमच्या त्या शेजाऱ्यांचा राग गेला का?

कार्यक्रमांमध्ये अण्णांनी एक पळवाट शोधून काढली आहे. दोन गाण्यांच्या मधल्या फटीत ते जेवतात. त्यामुळं ऑर्केस्ट्रातले निवेदक त्यांना फार आवडतात. गायकापेक्षा निवेदक जास्त बोलायला लागला की आपण वैतागतो, अण्णांचा चेहरा उजळतो. "ह्यो निवेदक बेस आहे. ह्याच्या एका बोलण्यात दोन पोळ्या होत्यात." भाषण चालू असताना खाणं त्यांच्या नेमात बसतं. "भाषाण त्यासाठीच असतंय," असं ते म्हणतात.

आता असा माणूस परदेशी गेला तर काय होईल? तर तेच झालं.

हिवराळे काकू वारल्यावर अण्णांच्या मुलानं, प्रशांतनं, वडिलांचं मन रमावं म्हणून त्यांना एका टूरबरोबर पाठवलं. ते जे रमले ते रमलेच. लोक परदेशातून येताना चॉकलेटं आणि फोटो आणतात. अण्णा वाजवणारे घेऊन येतात. ओट्यावर बसून एकेकाचं सांगायला लागले की मला मी वर्गावर्गात शिकवलेला नकाशा नव्यानं दिसायला लागतो. व्हिएतनाम म्हणजे मी तांदळाचं उत्पादन शिकवत आलो. अण्णांचं व्हिएतनाम म्हणजे तळ्याकाठी एका तारेचं वाद्य वाजवणारा आंधळा म्हातारा. "एकच तार, गुरुजी! दुसरी नायच. अन् त्या एका तारंतून त्यानं अशी काय हाक मारली की मला वाटलं मलाच बोलावलं." इस्तंबूल म्हणजे माझ्या लेखी दोन खंडांवर वसलेलं शहर. अण्णांच्या लेखी तिथं बंदरावर एक जाडा माणूस क्लॅरनेट वाजवत होता आणि तो ऐकताना बाकीची टूर जेवून हॉटेलात परत गेली.

अण्णा कुठंही गेले तरी वाजवणं संपल्यावर पुढं होतात आणि वाजवणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात: "जेवलात का?"

भाषेचा प्रश्न येत नाही. पाच बोटं जुळवून तोंडाशी न्यायची आणि भुवया वर करायच्या. हे जगात सगळीकडं कळतं. टाळ्या त्या लोकांना रोज मिळतात, पैसेही टोपीत पडतात, पण हे विचारणारा भेटत नाही. कुणी हसतं, कुणी गोंधळतं. बँकॉकमध्ये एका गाणाऱ्या बाईंना वाटलं, हा म्हातारा आपल्याला रात्रीच्या जेवणाला घेऊन जाऊ पाहतोय. लगेच एक दांडगा रखवालदार आला. अण्णांनी त्यालाही विचारलं. तो जेवला नव्हता. मग अण्णांनी पिशवीतनं दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढून त्याला दिली, आणि तो दारात उभा राहून डोळ्यांतनं पाणी काढत ती खात होता. चटणी मराठवाड्यातली होती.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण अण्णांना साखरेचा आजार आहे. रात्री जेवणाआधी गोळी असते, आणि गोळी घेतल्यावर वेळेत जेवावं लागतं. नाहीतर रक्तातली साखर एकदम खाली जाते. त्याच बँकॉकच्या सहलीत नदीतल्या बोटीवर जेवण होतं आणि बोटीवर वाजवणारे होते. बोटीतनं उतरून जाणार कुठं? वाजवणारे थांबेनात, अण्णा जेवेनात. बोट काठाला लागायच्या आत अण्णा खुर्चीतून खाली आले. दवाखाना, सलाईन, सगळं झालं.

प्रशांत शांत पोरगा आहे, पण त्या वेळी तो भिंतीपलीकडं ओरडलेला मी ऐकला. "बास झालं अण्णा! एक तर जेवा, नाहीतर घरी बसा!" त्यानंतर अण्णांचा पासपोर्ट कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली सुनेकडं गेली. अण्णा ओट्यावर येऊन बसायचे, पण गोष्टी सांगायचे नाहीत. शहरातल्या गुलमंडीत कुणाची वरात निघाल्याचं कळलं की रिक्षा करून जायचे आणि उभ्या-उभ्या ऐकून यायचे. ते दिवस मला बघवले नाहीत.

म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको जॉर्जियाला जायचं ठरवलं तेव्हा मीच प्रशांतकडं गेलो. जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं नव्हे, काळ्या समुद्राकाठचं. एवढा भूगोल सांगूनही तो हो म्हणेना. शेवटी माझ्या बायकोनं, मंगलनं, अण्णांना वेळेवर जेवू घालण्याचा शब्द दिला. तेव्हा तो म्हणाला, "काकू, तुमच्या भरवशावर एकदा पाठवतो. पण ह्या वेळी अण्णा उपाशी राहून पडले, तर ही शेवटची ट्रिप. मग तुम्हीसुद्धा मला आग्रह करायचा नाही."

अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते नुसतं "व्हय" म्हणाले.

टूरचा कार्यक्रम हातात आल्यावर त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'लाइव्ह म्युझिक विथ डिनर.' अण्णा म्हणाले, "लाइव्ह म्युझिक लई चांगलं. डिनर पण चांगलं. ह्यो मधला 'विथ' कुणी घातला?"

तिबिलिसी हे शहर नदीच्या दोन्ही काठांवर चढत गेलेलं आहे. लाकडी नक्षीचे सज्जे, उतरते दगडी रस्ते, आणि संध्याकाळ झाली की जिथं-तिथं कुणीतरी काहीतरी वाजवत बसलेलं. पुलावर अॅकॉर्डियनवाला, चौकात व्हायोलिन वाजवणारी पोरगी, भुयारी रस्त्यात तोंडाला बासरी लावलेला एक आजोबा. अण्णा हरखून गेले. त्यांचा डावा कान एखाद्या लहान मुलाच्या हातासारखा त्यांना ओढत नेत होता आणि मागनं मंगल ग्लुकोजचा डबा घेऊन पळत होती. रोज रात्री बाहेर पडायच्या आधी ती त्यांना खोलीतच दशमी आणि लोणचं खाऊ घालायची. असे चार दिवस निभावले. पुलावरच्या अॅकॉर्डियनवाल्यालाही अण्णांनी विचारून झालं. तो जेवला होता. अण्णांना फार बरं वाटलं.

मग ती 'विथ'ची रात्र आली. दशम्या सकाळीच संपल्या होत्या. आमचा टूर मॅनेजर चिन्मय पुण्याचा, नीटस पोरगा. तो म्हणाला, "काळजीच करू नका काकू. आधी जेवण, मग गाणं. वेळ मी बोलून ठेवलीय." त्याच्या शब्दावर अण्णांनी बसमध्येच गोळी घेतली.

जमिनीखालचं तळघर होतं. दगडी कमानी, लाकडाची बाकं, भिंतीवर मेणबत्त्या. आम्ही पायऱ्या उतरलो, तर गाणं आधीच सुरू झालं होतं. दुसऱ्या कुणा मंडळींकडं वाढदिवस होता, म्हणून वाजवणाऱ्यांना लवकर उभं केलेलं. अण्णा सवयीनं सरळ पहिल्या टेबलाशी गेले, डावा कान पुढं केला आणि बसले.

चार माणसं होती. गुडघ्यापर्यंत काळे डगले. मध्ये एक म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, हातात तीन तारांचं लहानसं लाकडी वाद्य. एक ढोलवाला, आणि दोघं नुसते गाणारे. त्यांचं गाणं मी कसं सांगू? मला सुरातलं काही कळत नाही. एकानं खालून जाड सूर धरला आणि तो धरूनच ठेवला. दुसरा त्याच्या शेजारून निघाला. तिसरा, म्हणजे तो म्हातारा, भलत्याच बाजूनं आला, इतका की मला वाटलं चुकला. चुकला नव्हता. तिघं तीन वाटांनी चालले होते आणि एका वळणावर असे एकत्र आले की समोरचं टेबल थरथरल्यासारखं वाटलं. शाळेची सहल वेरूळला न्यायचो तेव्हा पोरं लेण्यात हाक मारून बघायची आणि तो डोंगर आतून उत्तर द्यायचा. मला तेच आठवलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी वांग्याची फोड तोंडात घालायची विसरलो. माझ्या ओळखीच्या कुणाचाही यावर विश्वास बसणार नाही.

वांगी अक्रोडाचं वाटण भरलेली होती. मातीच्या मडक्यात राजमा होता. चीज भरलेल्या जाड, गरम भाकरीसारखी खाचापुरी होती. हे सगळं अण्णांसमोरही मांडलं होतं, आणि अण्णा हात मांडीवर ठेवून बसले होते.

आम्ही दोन गाण्यांमधल्या फटीची वाट बघत होतो. फट येईना. गाणारे थांबले की ढोलवाला वाजवत राही, ढोल थांबायच्या आत म्हातारा तार छेडी. निवेदक नावाचा प्राणीच त्या देशात नव्हता.

"अण्णा, बाहेर पायरीवर चला. दोन घास खाऊन परत येऊ," मंगल म्हणाली.

"पैल्या टेबलावरनं उठू व्हय वहिनी? त्यांच्या तोंडासमोरनं?"

"मग ही ग्लुकोजची पावडर तरी घ्या. हे काही जेवण नाही."

"तोंड हाललं की घासच त्यो."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तळघरात गारवा होता. मी त्यांचा हात धरला तर तो थंड आणि थरथरता. डोळे मात्र त्या म्हाताऱ्यावर. मी जरा आवाज चढवून म्हणालो, "अण्णा, प्रशांत काय म्हणाला होता?" तर ते माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यात मी त्यांना दिसत नव्हतो. साखर खाली गेली की माणूस असा होतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला भीती वाटली. पुढच्या सहलीची नाही, अण्णांचीच.

मी चिन्मयला शोधत होतो. तेवढ्यात मंगल उठली.

माझ्या बायकोला इंग्रजी येत नाही, त्यामुळं तिला परदेशात कुणाशीही बोलायची भीती वाटत नाही. ती नऊवारीचा पदर खोचून तरातरा वाजवणाऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. आधी हात जोडले. मग अण्णांकडं बोट केलं. मग म्हाताऱ्याच्या वाद्याकडं बोट केलं. मग अण्णांचीच ती खूण, पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली, आणि मान हलवली. नाही. तुम्ही वाजवताय, म्हणून तो माणूस जेवत नाही.

ढोल थांबला. चिन्मय धावत आला, त्यानं वेटरला इंग्रजीत सांगितलं, वेटरनं म्हाताऱ्याला त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हाताऱ्यानं दोनदा विचारून घेतलं. मग तो अण्णांकडं बघत राहिला.

त्यानं वाद्य स्टुलावर ठेवलं. खाली उतरला, आमच्या टेबलाशी आला, अण्णांसमोरची खुर्ची ओढून बसला. खाचापुरीचा एक तुकडा मोडला, अण्णांच्या पुढ्यात ठेवला. आणि पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली, भुवया वर केल्या.

आजवर अण्णांनी ही खूण सगळ्या जगाला केली होती. त्यांना ती कुणी केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

तळघर चिडीचूप झालं होतं. वाढदिवसवाल्यांनीसुद्धा पेले खाली ठेवले. म्हातारा समोर बसून होता, बाकीचे तिघं वाजवणारे गप्प उभे राहिले आणि हिवराळे अण्णा जेवले. डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या, आणि ते खात होते. मंगलनं मधेच पाण्यात ग्लुकोज कालवून दिलं, तेही निमूट प्याले. हळूहळू हाताची थरथर थांबली, चेहऱ्यावर रंग आला.

माणूस शुद्धीवर आला याची खूण म्हणजे त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "अन् तुम्ही? तुम्ही जेवलात का?"

म्हातारा हसला. त्यानं वर बघून हात हलवला. चिन्मय म्हणाला, "ते नंतर जेवतात अण्णा. सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर."

"म्हंजी शेवटीच," अण्णा म्हणाले. आणि ते उठले.

पुढं जे झालं ते टूरच्या कार्यक्रमात नव्हतं. अण्णांनी त्या चौघांना हाताला धरून आमच्या बाकावर ओळीनं बसवलं. वेटरच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि स्वतः वाढायला लागले. "बसा. बसा म्हणतो ना. लाजायचं नाय." ढोलवाल्याला राजमा, गाणाऱ्यांना वांगी. म्हाताऱ्यानं पोट भरल्यावर ताटावर दोन्ही हात आडवे धरले, आणि अण्णा त्या हातांच्या फटीतून खाचापुरीचा तुकडा सोडायला लागले, आपल्याकडं लाडू सोडतात तसा. तळघरातले सगळे हसत होते. हॉटेलचा मालकसुद्धा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं आतनं आणखी एक मडकं आणवलं.

मग ते पुन्हा गायला उभे राहिले. ते गाणं मघापेक्षा चांगलं होतं की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. माझ्यासमोर वांग्याची एक फोड उरली होती. ती मी खाल्ली, पण गाणं संपल्यावर. थंड झाली होती.

हॉटेल जवळ होतं, म्हणून आम्ही चालत निघालो. मंगल पुढं चिन्मयशी बोलत होती. अण्णा माझ्या उजवीकडं चालत होते, डावा कान माझ्या बाजूला करून. आपण काय विचारतोय हे कळायच्या आत मी विचारलं, "हे कधीपासून हो अण्णा?"

अण्णा नदीकडं बघत दहा पावलं चालले. मग म्हणाले, "आमचे दादा, म्हंजी वडील, क्लॅरनेट वाजवायचे. सिल्लोडकडच्या लग्नांत. मी लहान, त्यांच्यासंगं जायचो. मला पोरांच्या पंगतीत बसवायचे अन् सोता उभं राहून वाजवायचे. पंगत उठंस्तोवर थांबायचं नाय, असंच असायचं. एकदा मी बुंदी खाताना वर बघितलं. दादा वाजवत व्हते. गाल फुगलेले, अन् डोळे माझ्या पत्रावळीवर."

आम्ही पुलावर आलो होतो. अॅकॉर्डियनवाला घरी गेला होता.

"त्या दिवशी शेवटच्या पंगतीला काय उरलंच नाय. दादा पाणी प्याले अन् चालाय लागले. वाटंत मला इचारलं, बुंदी गोड व्हती का रं?"

"तुम्ही शिकला नाहीत क्लॅरनेट?"

"हात लावू दिला नाय. लई हट्ट केला मी. म्हणायचे, तू पंगतीत बसणारा हो. म्हणून आयटीआयला घातलं. मग झालो की पंगतीत बसणारा." ते कठड्याला टेकून उभे राहिले. "मला वाजवता येत नाय, गुरुजी. उपाशी राहता येतं. तेवढं करतो."

मी त्यांचा हात धरला, आणि आम्ही तसेच हॉटेलापर्यंत गेलो.

सकाळी उठतोय तोच प्रशांतचा फोन आला. चिन्मयनं टूरच्या ग्रुपवर फोटो टाकले होते. अण्णा रडत जेवताहेत आणि काळे डगलेवाले बघताहेत. तो घाबरलेला होता.

"काका, खरं सांगा. अण्णा उपाशी होते ना? पडले का?"

दिलेला शब्द मोडला होता, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं. गोळी, घाम, थरथर, मंगल, म्हातारा, खाचापुरी. पुलावरचंही सांगितलं. मला वाटलं, झालं, पासपोर्ट पुन्हा कपाटात गेला.

"काका," तो म्हणाला. "अन् ते वाजवणारे? ते जेवले का?"

"जेवले रे. अण्णांनीच वाढलं."

"पोटभर?"

"पोटभर."

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी कुठं जायचं म्हणतात, तेवढं विचारून ठेवा. त्या वेळी मी पण येतो."